माळेला तो बसला नाही तरी

प्रिय आई-बाबा,
सप्रेम नमस्कार.

आई, परवा फोनवर तू नातवाबद्दल विचारलंस, "रविवारी चर्चमध्ये मिस्सेला येतो ना गं तो?" नेहमी येत नाही. नववीत गेल्यापासून प्रत्येक गोष्टीला 'का?' विचारतो. तुझा आवाज पडला, तो मनातून जाईना, म्हणून लिहितेय.

ऑक्टोबर २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोजरीत, म्हणजे आपल्या माळेच्या प्रार्थनेत, प्रकाशाची रहस्ये (येशूच्या जीवनातल्या पाच प्रसंगांचं मनन) घातली, तेव्हा मी दहावीत होते. बाबा, वाडीतून आलात की हातपाय धुवून तुम्ही कागद बल्बखाली धरायचात आणि गुरुवारची नवी रहस्ये अडखळत वाचायचात. त्याच दिवसांत मी सरळ सांगून टाकलं, मला गुडघे टेकायचे नाहीत. तुम्ही भडकलात, शेजारी ऐकू जाईल इतके बोललात. पण रात्री माळ संपताना "पोरीला सुबुद्धी दे" असं मागितलं नाहीत. म्हणालात, "देवा, माझ्या जिभेला लगाम घाल." मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते. शब्द न् शब्द ऐकला.

कितीतरी घरांत प्रार्थनेच्या आडून पोरांना टोमणे मारले जातात. चारचौघांत देवाचं नाव घेऊन लेकराची चूक काढायची. मग ते लेकरू देवापासून तुटतं आणि आईबापापासूनही. तुम्ही दोघांनी देवासमोर आमची तक्रार कधी केली नाहीत. म्हणूनच कॉलेजात श्रद्धेबद्दल शंका आल्या, त्या मी आधी तुमच्यापाशी बोलले.

त्या नव्या रहस्यांतलं काना गावच्या लग्नाचं मला सगळ्यात जवळचं. मारिया माता मुलाला, येशूला, एवढंच सांगते, यांच्याकडचा द्राक्षारस संपलाय. पुढचं त्याच्यावर सोडते.

आणि बाबा, चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिन जाऊन मिस्सा मराठीत आली, तेव्हा धर्म बुडाला म्हणून आजोबा हळहळले होते, हे तुम्हीच सांगायचात. तुमची भक्ती तर त्याच मराठी मिस्सेत रुजली.

मे महिन्यात त्याला वसईला पाठवते. संध्याकाळी माळेला एकदा बोलवा, आला नाही तर पुन्हा हाक मारू नका. आई, बोंबील भरपूर लागतील. बाबा, त्याला विहिरीवरचा पंप चालवायला शिकवा. तिथे तो प्रश्न विचारेल, चर्चबद्दलही विचारेल. उत्तर ठाऊक नसेल तर "मलाही कळलेलं नाही" म्हणा. मला तुम्ही तसंच म्हणायचात.

तुमची लाडकी लेक