सेवाग्रामच्या न्यायवैद्यकशास्त्र विभागास

आदरणीय डॉ. इंद्रजित खांडेकर सर आणि महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या न्यायवैद्यकशास्त्र विभागातील सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. सेवाग्रामला शिकले नाही, तुमच्या वर्गात कधी बसले नाही. तरी पोलीस एखाद्या मुलीला तपासणीसाठी घेऊन येतात तेव्हा माझ्या हातून काय होतं आणि काय होत नाही, यात तुमचा वाटा मोठा आहे. त्याबद्दल चारचौघांत आभार मानायचे आहेत.

एमबीबीएसला आम्ही ‘कौमार्याची लक्षणं’ पाठ केली होती. योनिपटलाचे प्रकार, ‘खरी कुमारी’ आणि ‘खोटी कुमारी’ यांतला फरक, सगळं तक्त्यासकट. परीक्षेत यायचं, तोंडी परीक्षेत तर हमखास. पुरुषाच्या कौमार्याबद्दल त्याच पुस्तकात काही का नाही, असं वर्गात कुणी विचारलं नाही. पुढे हेच विद्यार्थी डॉक्टर झाले आणि बलात्काराच्या प्रकरणात योनीत दोन बोटं घालून करायची ‘दोन बोटांची चाचणी’ करून कागदावर ‘संभोगाची सवय असलेली’ असा शेरा मारू लागले. खटला मग आरोपीचा राहत नसे, त्या बाईच्या चारित्र्याचा होई.

सर, हा विषय शिकवणारे तुम्हीच, आणि त्यातल्या कौमार्याच्या या धड्याला शास्त्रीय आधार नाही हे लेखी मांडणारेही तुम्हीच. मला सगळ्यात जास्त आदर याचा वाटतो. बाहेरच्या माणसाने टीका करणं वेगळं. आपण ज्या पुस्तकातून शिकलो, त्याचंच पान चुकीचं आहे असं आपल्याच व्यवसायबंधूंना सांगायला वेगळं धैर्य लागतं. तुमचा अहवाल महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेला आणि 2019 मध्ये विद्यापीठाने तो भाग अभ्यासक्रमातून वगळला. अभ्यासक्रम तपासून दोन बोटांची चाचणी त्यातून काढावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला 31 ऑक्टोबर 2022 रोजी. म्हणजे आपलं विद्यापीठ तीन वर्षं पुढे होतं!

त्याआधीचं काम मला नोकरीत आल्यावर कळलं. लैंगिक अत्याचाराच्या वैद्यकीय तपासण्या किती अशास्त्रीय आणि निष्काळजीपणे होतात, हे दाखवणारा तुमचा अभ्यास 2010 मध्ये जनहित याचिकेच्या रूपाने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. आरोग्यविषयक संशोधन करणाऱ्या मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेनेही त्यात आपलं म्हणणं मांडलं. 2013 मध्ये राज्याच्या, 2014 मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या. आज माझ्या टेबलावर जो तपासणीचा छापील नमुना (फॉर्म) असतो, त्यामागे एवढं सगळं आहे. विभागात केलेलं संशोधन नियतकालिकात छापून थांबलं नाही, ते आमच्या कॅज्युअल्टीपर्यंत आलं.

नमुना म्हटला की लोकांना कागदच वाटतो. रात्री दोन वाजता, एक नर्स हाताशी असताना, त्या कागदाचा आधार काय असतो ते सांगते. आधी संमती, तीही तिला समजेल अशा भाषेत, आणि तपासणीच्या कोणत्याही टप्प्यावर नको म्हणायचा तिचा हक्क. मग उपचार. घटना 96 तासांच्या आतली असेल तर पुराव्यासाठी स्वॅब वगैरे घ्यायचे. स्वॅब सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे, कारण ओलसर स्वॅब प्लास्टिकमध्ये बंद केला तर जंतू आणि बुरशी पुरावा खाऊन टाकतात. सील, सही, कोणी कोणाच्या हाती दिलं त्याची नोंद. ही साखळी तुटली तर प्रयोगशाळेचा चांगला अहवालही कोर्टात टिकत नाही.

आणि शेवटी अभिप्राय. जखमा नाहीत याचा अर्थ अत्याचार झाला नाही असा होत नाही, हे वाक्य लिहायचं बळ मला या कामातून मिळालं. एका खटल्यात बचाव पक्षाच्या वकिलांनी उलटतपासणीत नेमकं तेच विचारलं, “अंगावर ओरखडाही नाही, मग?” भीतीने माणूस गोठून जातो, धमकीपुढे प्रतिकार होत नाही, तपासणीला उशीर झाला तर खुणा भरून येतात, ही कारणं मी एकेक करून सांगितली. न्यायाधीशांनी ती लिहून घेतली. साक्ष संपवून बाहेर आले तेव्हा तुमच्या विभागाला पत्र लिहायचं मी ठरवलं होतं.

आमच्याकडे या विषयाला अजून ‘पीएमचा विषय’ (शवविच्छेदनाचा) म्हणतात, जणू त्याचा संबंध फक्त शवागाराशी. जिवंत माणसाला न्याय मिळवून देणंही त्याचंच काम आहे, हे तुम्ही प्रत्यक्ष करून दाखवलंत. अहवालावर नाव एकाचं असतं. पण त्यामागे कागदपत्रं चाळणारे निवासी डॉक्टर, टंकलेखन करणारे, दप्तर सांभाळणारे कर्मचारी असतात. त्यांनाही माझे आभार कळवा.

आमच्या रुग्णालयात आता नवे वैद्यकीय अधिकारी रुजू झाले आहेत. त्यांना घेऊन मी हाच नमुना पहिल्या रकान्यापासून शेवटच्या सहीपर्यंत शिकवणार आहे. ज्या शंकांचं उत्तर मला देता येणार नाही, त्या विभागाकडे लिहून पाठवीन.

आपली कृतज्ञ,
ग्रामीण रुग्णालयातील एक वैद्यकीय अधिकारी