मुंबईत पटकथा लिहिणाऱ्या लेकीला

प्रिय बाय,

काल फोनवर तू म्हणालीस की त्या प्रोड्युसरने रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, तुझी गोष्ट बाजूला ठेवायला सांगितलंय, सध्या कोकण म्हटलं की गाव राखणारे राखणदार, देवचार, अंधारातलं जंगल असलंच चालतंय म्हणे, तसं पंधरा दिवसात लिहून दे. तुझा आवाज उतरलेला म्हणून तेव्हा जास्त काही बोललो नाही, पण मला काय वाटतं ते आता लिहितोच.

2022 ला गावच्या दैवतावरचा 'कांतारा' हा कन्नड सिनेमा चालला आणि तेव्हापासून बऱ्याच जणांना गावचा देव हवाय. पण तू आज लिहायला बसलीस तरी ड्राफ्ट, पैसे उभे करणं, शूटिंग, एडिट, सेन्सॉर, मग थेटर मिळणं यात दोन-तीन वर्षं सहज जातात गो, तोवर लोकांचं मन भलतीकडेच गेलेलं असतं आणि तुझ्या हातात काय तर दुसऱ्याची शिळी गोष्ट. 'श्वास' बघ ना, कोकणातले आजोबा, नातवाच्या डोळ्याचा कॅन्सर आणि हॉस्पिटल, यात तेव्हाचा कुठला ट्रेंड होता? तोच 2004 ला भारताकडून ऑस्करला पाठवला. आणि राखणदार आपल्याकडे खराच आहे, आपण त्याला नारळ ठेवतो, म्हणूनच कुणाला घाई आहे म्हणून तो पंधरा दिवसात लिहू नये असं मला मनापासून वाटतं.

मात्र धंद्यात काय चाललंय त्यावर बारीक लक्ष ठेव. अमेरिकेत 2023 ला सिनेमा-टीव्हीचे लेखक 148 दिवस संपावर होते, ओटीटीच्या पैशांसाठी आणि एआयच्या वापराला आळा बसावा म्हणून, शेवटी करारात आलं की एआयने लिहिलेलं लेखन म्हणून धरायचं नाही आणि कंपनीने लेखकावर एआयची सक्ती करायची नाही. ते आपल्याकडे लागू नाही, पण उद्या तुझ्या करारात असा मुद्दा आला तर मागायचं काय ते तुला माहीत हवं. आपल्याकडे 2012 ला कॉपीराइटचा कायदा बदलला, थेटर सोडून टीव्ही, ओटीटीवर सिनेमा दाखवला तर त्याच्या रॉयल्टीचा हक्क तू प्रोड्युसरला लिहून देऊच शकत नाहीस, वारसाला नाहीतर कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. कागदावर उलटं काही दिसलं तर सही करायच्या आधी वकिलाला दाखव, पैसे मी देतो. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, तेव्हा नॅरेशनला, म्हणजे प्रोड्युसरला गोष्ट ऐकवायला जायच्या आधी रापणीची गोष्ट नीट सीनवार लिहून स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर कर.

नोव्हेंबरात पणजीला इफ्फी हा आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिवल असतो, त्याच वेळी एनएफडीसी या सरकारी फिल्म कंपनीचा फिल्म बाजार पण भरतो, देशातले-बाहेरचे प्रोड्युसर, फेस्टिवलवाले येतात. अंधेरीत या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरण्यापेक्षा कोण काय शोधतंय ते तिथे चार दिवसात कळेल. कोकणकन्येने कुडाळला उतर, घरी रहा, मग पणजीच्या एसटीत मी बसवून देतो.

आणि एक, तुझ्या तिसऱ्या सीनमध्ये रापण ओढताना सगळे गप्प आहेत. तसं नसतं गो, एकमेकांना हाका मारत, शिव्या घालत ओढतात, आणि मासळी वाळूवर आली की वाट्यावरून खरी बोलाचाली सुरू होते, तुझ्या नायिकेची आई तिथे बोलायला हवी. तो सीन परत लिही आणि मला पाठव, मी रापणकरांना वाचून दाखवतो.

तुझा बाबा