डॉक्टर मॅडम, त्या दिवशी तुम्ही इंजेक्शन दिलं नाही त्याबद्दल

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

फोनवर तुम्हाला थँक्यू म्हणून झालंय, दोनदा. पण तुमच्याकडे बाहेर बाकावर आठ-दहा जण पट्टे अन् पिंजरे धरून बसलेले असतात, तेव्हा घाईघाईत दोन शब्द बोलून निघावं लागतं आणि मनातलं मनातच राहतं. म्हणून इथे लिहून राहिले. सगळ्यांसमोर लिहून राहिले कारण मी जे केलं ते करणारे आमच्या महाल भागात काय, अख्ख्या नागपुरात घरोघरी आहेत.

बंड्या आमचा कुत्रा, चार वर्षांचा, गावरानी, पांढरा अन् तांबूस. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला गेला की तो कूलरखालची जागा सोडत नाही. यंदा कूलरचा टब ठिबकत होता, फरशी कायम ओली, आणि हे पोट्टं दिवसभर पोट टेकवून तिथेच. मग पावसाळा लागला. जुलैत त्याच्या पोटावर लाल पुटकुळ्या दिसल्या, त्या फुटून गोल गोल चट्टे झाले अन् चट्ट्यांच्या कडेने पापुद्रे सुटायला लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, गजकर्ण आहे. घरात ह्यांची क्रीमची ट्यूब पडली होती, खाजेसाठी आणलेली, तीच लावली. चार दिवस खाज थांबली तर मला वाटलं जमलं! नंतर दुप्पट पसरलं. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं हे तुम्ही डबी उलटी करून वाचून दाखवलं तेव्हा कळलं, खाज दबली पण चामडीची लढायची ताकदही दबली, अन् ते गजकर्ण तर नव्हतंच.

मग मेडिकलमधून गोळ्या आणल्या, बिनचिठ्ठीच्या. पाच दिवसांच्या होत्या, तिसऱ्या दिवशी पोट कोरडं दिसलं तर मी बंद केल्या. परत उठलं तर एका दवाखान्यात नेलं, तिथे तीनदा गेलो, दर वेळी एक इंजेक्शन, कशाचं ते आम्ही विचारलं नाही अन् कोणी सांगितलं नाही. मधे ह्यांच्या दाढेच्या वेळच्या चार कॅप्सूल उरल्या होत्या, त्याही मी पेढ्यात घालून दिल्या. मॅडम, हे लिहिताना हात जड होतो. माझं लेकरू खाजवून खाजवून रात्रभर झोपत नव्हतं आणि मला कसंही करून ते थांबवायचं होतं, बस.

ऑगस्ट संपता संपता तुमच्याकडे आले तेव्हा पूर्ण पोट, मांड्यांची आतली बाजू, काखा, सगळीकडे पसरलं होतं अन् आंबूस वास यायचा. मी टेबलावर त्याला चढवायच्या आधीच म्हटलं, "मॅडम, आतापर्यंतचं सगळं फेल गेलं, तुम्ही एक स्ट्रॉंग इंजेक्शन द्या." तुम्ही इंजेक्शनच्या ट्रेकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणालात, "ताई, आधी पिशवीतल्या पट्ट्या काढा." मी सगळ्या रिकाम्या, अर्ध्या पट्ट्या काढल्या, तुम्ही त्या टेबलावर ओळीने मांडल्या अन् प्रत्येकीसमोर किती दिवस दिली ते मला विचारून कागदावर लिहिलं. मेडिकलवाल्या गोळीच्या पट्टीवर उभी लाल रेघ होती. ती रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, अन् ही सेफपोडॉक्झिम नावाची अँटिबायोटिक गोळी तर 2014 पासून शेड्यूल एच वन या कडक सरकारी यादीत आहे, दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची असते, हे तुम्ही सांगितलं. इतकी वर्षं औषधं आणून राहिले, त्या लाल रेघेला मी डिझाईन समजत होते.

मग तुम्ही काचेची पट्टी त्याच्या चट्ट्यावर हळूच दाबली, रंगात बुडवली, धुतली, वाळवली अन् मायक्रोस्कोपखाली ठेवली. आणि मला म्हणालात, या, बघा. कोणता डॉक्टर बोलावतो हो असं? आत जांभळे जांभळे ठिपके, द्राक्षाच्या घडासारखे, अन् काही ठिपके मोठ्या पेशींच्या पोटात गिळलेले. त्या पेशी म्हणजे बंड्याच्या अंगातलं सैन्य, जंतूंना खाऊन राहिलं होतं. बुरशी नव्हती. मला पहिल्यांदा वाटलं की हा मुका जीव एकटाच किती लढून राहिला आहे.

त्यानंतर एका चट्ट्याचा पापुद्रा उचलून त्याच्या कडेखालून निर्जंतुक कापसाच्या काडीने नमुना घेतला अन् कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ते तपासायला, पाठवायचं म्हणालात. चार दिवस अन् बाराशे रुपये. तेव्हा मी चिडले होते, माझा आवाजही चढला होता, "चार दिवस हा असाच राहील का?" तुम्ही चिडल्या नाहीत. म्हणालात, "पाचवं औषध अंदाजाने द्यायचं म्हणजे उरलेलं एक दारही आपल्याच हाताने बंद करायचं. आंघोळ आजपासून सुरू करू, गोळी मात्र रिपोर्ट पाहिल्याशिवाय नाही." मी पाय आपटतच घरी गेले, हे तुम्हाला दिसलं असेल. त्याची माफी मागते.

रिपोर्ट आला तो मारबतीचा दिवस, रोगराईच्या नावाने मारबत अन् बडग्यांचे पुतळे मिरवायचा. इतवारीचे रस्ते बंद, ढोल, बडगे, पोट्टे ओरडून राहिले, "इडा पिडा रोगराई घेऊन जा गे मारबत", अन् मी त्या गर्दीतून गाडी ढकलत तुमच्याकडे. कागदावर एका खाली एक औषधांची नावं अन् समोर आर, आर, आर. अमॉक्सिसिलिन आर, सेफालेक्सिन आर, एन्रोफ्लॉक्सासिन आर, क्लिंडामायसिन आर. खाली फक्त दोन-तीन ठिकाणी एस. मला आर म्हणजे काय ते माहीत नव्हतं तरी पोटात गोळा आला.

तुम्ही समजावलं ते मी घरी येऊन जसंच्या तसं वहीत लिहून ठेवलं. आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला जुमानत नाही, अन् एस म्हणजे ते औषध त्याच्यावर चालतं. जंतूचं नाव स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस, नाव भलं मोठं पण हा कुत्र्यांच्या चामडीवर, नाकात, तोंडात एरवीही राहतो अन् काही करत नाही, चामडी बिघडली की संधी साधतो. 2005 पर्यंत तर शास्त्रज्ञांनी त्याला वेगळं नावही दिलं नव्हतं. बंड्याचा जंतू मेथिसिलिनला, म्हणजे पेनिसिलिनच्या घराण्यातल्या एका औषधाला, न जुमानणारा होता. त्याच्याकडे मेकए नावाचं एक जीन असतं, पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं जंतूच्या ज्या कुलपाला धरतात ते कुलूपच तो बदलून टाकतो, मग त्या घराण्यातल्या जवळजवळ सगळ्या किल्ल्या फिरवा, उघडत नाही. अन् हा जंतू जास्त विषारी असतो असं नाही, जखम तीच, फक्त आपल्या हातात औषधं कमी उरतात. प्रत्येक वेळी आपण औषध टाकतो तेव्हा कच्चे जंतू मरतात अन् पक्के उरतात, जागा रिकामी होते ती पक्क्यांना मिळते. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनेच 1945 साली नोबेल घेताना कमी डोस घेण्याबद्दल हे सांगून ठेवलं होतं. मी हे जुलै-ऑगस्टमध्ये बंड्याच्या पोटावर करून दाखवलं.

मी विचारलं, मग एसवालं औषध द्या ना. इथेच तुमच्याबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटला. तुम्ही म्हणालात, एस आहे ते अमिकासिन किडनीला जड, अन् क्लोरॅमफेनिकॉल हाताळणाऱ्या माणसालाही क्वचित रक्ताचा भयंकर त्रास देऊ शकतं. आजार वरच्या चामडीत आहे, खोल नाही, ताप नाही, खाणं चांगलं आहे, तर हे वरूनच धुऊन जाईल. ही दोन औषधं आपण राखून ठेवू, बंड्यासाठीही अन् दुसऱ्या एखाद्यासाठीही. असं म्हणून तुम्ही चिठ्ठीवर एकही अँटिबायोटिक लिहिलं नाही.

आणि मग विचारलं, घरी कोण कोण असतं?

मी म्हटलं आम्ही दोघं, पोरगा चौथीत, अन् आई, म्हणजे सासूबाई, शुगरच्या पेशंट, पायाला जखम आहे, भरून नाही राहिली. तुम्ही पेन खाली ठेवलं. हा जंतू माणसात फार जात नाही, पण जाऊ शकतो, जखम असली, प्रतिकारशक्ती कमी असली तर जपायला पाहिजे. बंड्या रात्री आईंच्या पायाशी झोपायचा, मॅडम. दोन महिने आम्ही चट्ट्यांकडेच बघून राहिलो होतो, आईंच्या पायाकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. त्याच दिवशी त्याचं अंथरूण वेगळं केलं, चादरी गरम पाण्यात, त्याला हात लावला की साबणाने हात, आईंची जखम झाकलेली, अन् तोंड चाटू द्यायचं नाही. आईंच्या डॉक्टरांनाही तुमच्या सांगण्यावरून रिपोर्ट दाखवला. आईंना काही झालं नाही. याबद्दल तर मी तुमची कशी उतराई होऊ.

आंघोळीचं सांगते, कारण खरं औषध तेच होतं. आठवड्यातून तीनदा, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा शॅम्पू, फेस करून पूर्ण दहा मिनिटं अंगावर ठेवायचा, लगेच धुतला तर पैसे पाण्यात. दहा मिनिटं ओला कुत्रा धरून बसणं काय असतं ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक! मोरीत मी खाली बसायचे, बंड्याचं डोकं माझ्या खांद्यावर, पोरगा फेस लावायचा, अन् आई दारात खुर्ची टाकून जपमाळ घेऊन बसायच्या. त्यांची एक माळ पूर्ण झाली की म्हणायच्या, "झाली वो, घाला पाणी." घड्याळ लावून पाहिलं, दहा मिनिटांच्या वरच भरायची. मग बोटांच्या फटीसुद्धा टॉवेलने कोरड्या करायच्या. कूलरचा टब बदलला. पिसवांची गोळी सुरू केली, कारण तुम्ही केसांत ते काळे कण कापसावर ओले करून लाल होताना दाखवले होते, पिसवांची विष्ठा, रक्ताची. खाज तिथून सुरू झाली होती, जंतू नंतर आला.

दहाव्या दिवशी वास गेला. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही परत काच दाबली, परत मला बोलावलं, अन् आत ते द्राक्षाचे घड नव्हते. मी तिथेच रडले, तुम्ही टिश्यूचा डबा सरकवला अन् पुढच्या पेशंटला आवाज दिला नाही दोन मिनिटं.

एक अजून. आमच्या गल्लीतल्या त्या मनीमाऊचं, लघवीला सारखी जायची अन् थेंब थेंब रक्त, तिच्या घरचे माझ्याकडे उरलेल्या गोळ्या मागायला आले होते. मी दिल्या नाहीत, तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही सुईने थेट मूत्राशयातून लघवी काढून तपासली, जंतू नव्हतेच. तरुण मांजरांमध्ये हा त्रास बहुतेक वेळा जंतूंचा नसतो, ताण, कमी पाणी, कोरडंच खाणं यानेही होतो, अन् बोक्याची लघवी पूर्ण अडली तर मात्र एक तासही थांबू नका, हे तुम्ही त्यांना सांगितलं. ओलं खाणं, तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या, मातीचा ट्रे शांत कोपऱ्यात. एकही अँटिबायोटिक न घेता मनी बरी आहे, काल आमच्या भिंतीवरून बंड्याला चिडवून राहिली होती.

घरातल्या सगळ्या उरलेल्या पट्ट्या मी पिशवीत भरल्यात, तुम्ही म्हणाला होतात नालीत किंवा कचऱ्यात टाकू नका, आणून द्या. लसीच्या तारखेला घेऊन येते. आईंनी संत्र्याची बर्फी बांधून ठेवलीय तुमच्यासाठी अन् तुमच्या त्या कंपाउंडर दादांसाठी, आणि बंड्याच्या पोटावर पांढरे केस परत आलेत, बोट फिरवलं की मऊ लागतात.

तुमची,
बंड्याची आई, महाल