सूचना : पाणी, ऊर्जा व अन्न यांच्या एकत्रित नोंदींबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पुढील बैठकीसाठी पाणी, ऊर्जा आणि अन्नकचरा यांच्या नोंदी वेगवेगळ्या तक्त्यांत न देता एकाच तक्त्यात द्याव्यात. जगभरात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी शेतीसाठी वापरले जाते आणि ते उपसायला ऊर्जा लागते. त्यामुळे टाकून दिलेल्या अन्नाबरोबर त्यामागचे पाणी व वीजही वाया जाते, ही बाब स्वतंत्र तक्त्यांत दिसतच नाही. ठिबक सिंचनामुळे किंवा सौरपंपामुळे झालेली बचत लिहिताना एकूण उपसाही नोंदवावा, कारण सौरपंपाला वीजबिल येत नसल्याने तो अधिक वेळ चालू राहतो आणि विजेची बचत होत असतानाच भूजल खालावते, असे घडू शकते.

बायोगॅस संयंत्र असलेल्या सभासदांनी ओल्या कचऱ्याचे वजन, त्यात मिसळलेले पाणी आणि बाहेर पडणारी स्लरी (वायू निघाल्यावर उरणारा पातळ लगदा) या तिन्हींची नोंद ठेवावी. स्लरीत नत्र, स्फुरद व पालाश ही पिकांची पोषकद्रव्ये बहुतांशी टिकून राहतात; ती गटारात सोडणे म्हणजे खत गमावून पाणी दूषित करणे होय, आणि हे अजूनही काही ठिकाणी चालते, हे खेदाने नमूद करावे लागते. प्लास्टिक, काच व साबणाचे पाणी संयंत्रात जाऊ देऊ नये. साबण आणि जंतुनाशके मिथेन (बायोगॅसमधील जळणारा वायू) तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना मारक ठरतात.

मोजमाप शक्य नसल्यास अंदाज द्यावा, मात्र तो अंदाज असल्याचे स्पष्ट लिहावे. तक्ते बैठकीपूर्वी समन्वयकांकडे पोहोचवावेत.