चेसीवर हातोडी मारून बघणाऱ्या मामांस

तीर्थस्वरूप मिस्त्री मामा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

त्या दिवशी मी तुमच्या हातात पाकीट ठेवलं, तर तुम्ही ते परत माझ्या पिशवीत टाकलंत. "बघायचे कसले पैसे, बाळ?" असं म्हणालात. तेव्हा मला काही बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते आहे. चारचौघांत लिहिते आहे, कारण जुनी पिकअप घ्यावी की नको या विचारात आमच्यासारखी पुष्कळ घरं असतात. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

आमची ओतूरजवळ दोन एकर टोमॅटोची बाग. दर तोड्याला भाड्याची गाडी सांगायची, नारायणगावच्या मार्केटला माल पाठवायचा. भाव पडला तरी क्रेटमागचं भाडं ठरलेलं. त्या हंगामात दोनदा गाडी आलीच नाही आणि तोडलेला माल बांधावर उन्हात बसून राहिला. तेव्हाच ठरवलं, स्वतःची गाडी घ्यायची. नवीची ऐपत नव्हती. मग ती २०१४ची बोलेरो पिकअप दिसली. ३ लाख ४० हजार सांगत होते, रंग चकचकीत, हौद्याला नवा पत्रा. ह्यांना बघताक्षणी आवडली. दीर दहा हजारांचा विसार घेऊन निघालेच होते. मी म्हटलं, आधी मामांना विचारू.

तुम्ही गाडीचं काहीच विचारलं नाहीत. "भाड्याची वही आहे का?" एवढंच विचारलंत. मी वही आणली. गॅरेजातल्या बाकावर बसून तुम्ही पान न् पान बघितलंत, किती फेऱ्या, किती क्रेट, कुठल्या महिन्यात. मग म्हणालात, "हंगाम संपल्यावर ही गाडी दारात उभी राहील. उभ्या गाडीलाही विमा लागतो, आरटीओचा फिटनेसचा दाखला लागतो. आठ वर्षांवरच्या मालगाडीला फिटनेस दरवर्षी. त्या महिन्यांत तिला काय काम देणार?" आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. शेजारच्या दोन मळ्यांचा मालही आपणच न्यायचा, हे त्या बाकावर ठरलं. ते ठरलं नसतं तर कुठलीही गाडी, कितीही चांगली असती तरी, आम्हाला जड गेली असती.

गाडी बघायला दहाची वेळ होती. तुम्ही आम्हाला नऊलाच घेऊन गेलात. इंजिन थंड असताना बघायचं होतं, म्हणून. जाताच बॉनेटवर हात ठेवलात, गार होतं. मग सेल्फ मारायला सांगितलंत. पांढरा धूर आला आणि मिनिटभरात गेला. "हा थंडीचा. राहिला असता तर वेगळी गोष्ट." निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय, हे सगळं तुम्ही ह्यांना सांगत होतात आणि मी ऐकत होते. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून उलटं ठेवलंत. ते जागचं हललं नाही. बॅक कॉम्प्रेशन नाही, म्हणजे इंजिनातला दाब खालून उलटा येत नाही, इंजिन चांगलं आहे, असं तुम्हीच म्हणालात. ह्यांचा चेहरा उजळला.

आणि मग तुम्ही गोणपाट अंथरून गाडीखाली शिरलात.

ते ऐकलेलं अजून कानात आहे. चेसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, हातोडीचा पुढून टण, टण असा खणखणीत आवाज येत होता. मागचे पाटे, म्हणजे भार पेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जिथे चेसीला बसतात त्या ब्रॅकेटपाशी आलात आणि आवाज बसका झाला. तिथला काळा रंग ताजा होता. तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाबलात तो आत गेला, आणि गंजाचे पापुद्रे गोणपाटावर पडले. बाहेर येऊन तुम्ही आरसी मागितलीत. गाडीचा नंबर एमएच-०८, म्हणजे रत्नागिरी. "मासळीची गाडी आहे," म्हणालात. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून चेसीवर गळत राहिलं होतं. विकणाऱ्यानेही ते नाकारलं नाही.

दीर तरीही म्हणाले, वेल्डिंग करून घेऊ, किंमत थोडी कमी करून घेऊ. तुमचं उत्तर मी शब्दाला शब्द जपून ठेवलं आहे: "इंजिनचं काम करून गाडी पुन्हा चालती करता येते. पण माल भरून माळशेज घाट उतरताना मागची चेसी बसली, तर आत कोण असेल?" आत हे असणार होते. कधी मीही.

मला एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नाही, घरी आल्यावर आली. ती गाडी आम्ही घेतली असती तर वेल्डिंगला, पाट्यांना, दर महिन्याला तुमच्याच गॅरेजात आलो असतो. तुमचंच काम वाढलं असतं. ते सोडून तुम्ही सकाळचं गॅरेज बंद ठेवलंत, आमच्याबरोबर आलात आणि आम्हाला रिकाम्या हाताने परत आणलंत. मामा, सख्ख्या माणसानेही एवढं केलं नसतं.

पुढे चार महिने तुम्ही आम्हाला थांबवून धरलंत. मग जुन्नरच्या किराणा दुकानदाराची ती रंग उडालेली पिकअप तुम्हीच सांगितलीत. मीटर १ लाख ८० हजारांवर. पेडलचं रबर तितकंच झिजलेलं, म्हणून मीटर खरं आहे, हेही तुम्हीच दाखवलंत. टायरवरच्या चार आकड्यांमधले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, हे मी आता गावात सगळ्यांना सांगत असते. चेसी पुढून मागपर्यंत एकाच आवाजात वाजली. क्लच प्लेट, दोन टायर आणि पाट्यांचं काम धरून चाळीस हजार बाजूला ठेवा आणि मगच किंमत बोला, असं तुम्ही बजावलंत. तेवढेच लागले.

कागदांच्या बाबतीतही तुमचंच ऐकलं. आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता, कर्ज फिटूनही. बँकेचं एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय विसाराच्या वर एक रुपया द्यायचा नाही, असं तुम्ही दोन वेळा फोन करून सांगितलंत. इंजिन नंबर आणि चेसी नंबर टॉर्च धरून आरसीशी ताडून घेतलेत. दंडाची चलनं थकली आहेत का ते मोबाइलवर बघायला मला शिकवलंत. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या तेव्हा आम्हाला कसलीच धाकधूक नव्हती.

आज गाडीला एक हंगाम पुरा झाला. आमचा आणि शेजारच्या दोन्ही मळ्यांचा माल तिने वाहिला. एकदाही तोडलेला टोमॅटो बांधावर राहिला नाही. दोनदा माळशेजवरून वाशीपर्यंत गेलो. दुसऱ्या वेळी मी पुढे बसले होते, घाटात धुकं होतं, आणि मला मागच्या ब्रॅकेटची एकदाही काळजी वाटली नाही. त्यासाठी तुमचे आभार मानते, मामा. मनापासून मानते.

पाकीट तुम्ही घेणार नाही हे कळलं आहे. सोमवारी पाटे आवळायला गाडी घेऊन येते. मजुरी मात्र पूर्ण घ्यायची. येताना मामींसाठी पहिल्या तोड्याचे टोमॅटो आणते.

तुमची भाची,
ओतूरकडची टोमॅटोवाली