मित्रास पत्र : उत्तर आधी माहीत नसलेला प्रयोग

कराड,
14 ऑगस्ट

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. पदवीच्या मुलांना बरोबर घेऊन केलेल्या संशोधनाने भौतिकशास्त्रात खरोखर काही भर पडते का, हा तुझा प्रश्न आठवडाभर मनात घोळत होता. उत्तरादाखल प्रा. एन्रिके गाल्व्हेझ यांच्याविषयी सविस्तर लिहावे असे ठरवले.

गाल्व्हेझ मूळचे पेरूचे. न्यूयॉर्क राज्यातील हॅमिल्टन या लहानशा गावी असलेल्या कोलगेट विद्यापीठात ते 1988 मध्ये रुजू झाले. नाव विद्यापीठाचे असले तरी तेथे भौतिकशास्त्र पदवीपर्यंतच शिकवले जाते. त्यामुळे हाताशी पीएच.डी.चे विद्यार्थी नसतात आणि जे करायचे ते पदवीच्या मुलांना घेऊनच करावे लागते. अशा संस्थेत राहून मान्यता पावलेले संशोधन करणाऱ्या आणि त्यातून विद्यार्थी घडवणाऱ्या प्राध्यापकांसाठी अमेरिकन फिजिकल सोसायटीचे एक पारितोषिक आहे. रिसर्च कॉर्पोरेशनच्या देणगीतून 1984 मध्ये ते स्थापन झाले आणि 2010 मध्ये गाल्व्हेझ यांना मिळाले. पारितोषिकाबरोबर संस्थेलाही संशोधनासाठी निधी दिला जातो, हे मला विशेष मोलाचे वाटते.

2005 मध्ये त्यांनी सहकारी व विद्यार्थ्यांसह ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये जोडीने निर्माण होणाऱ्या फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) व्यतिकरणाचे, म्हणजे वेगवेगळ्या वाटांनी आलेला प्रकाश एकत्र येऊन कुठे वाढतो तर कुठे मावळतो त्या परिणामाचे, पाच प्रयोग पदवीच्या प्रयोगशाळेसाठी मांडले. असे प्रयोग आज बहुधा 405 नॅनोमीटर तरंगलांबीच्या जांभळ्या लेसरवर करतात. एका खास स्फटिकातून जाताना त्यातला एखादाच फोटॉन दुभंगतो आणि 810 नॅनोमीटरचे दोन जुळे फोटॉन बाहेर पडतात. एक थेट डिटेक्टरवर जाऊन दुसऱ्याची वर्दी देतो. दुसरा इंटरफेरोमीटरच्या, म्हणजे प्रकाशाला दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र आणणाऱ्या उपकरणाच्या, दोन वाटांकडे जातो. आरसा केसाहूनही कमी अंतराने सरकवत गेले की जोडीने होणाऱ्या नोंदींचा आकडा चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. मग एका वाटेतील ध्रुवीकरण (प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा) 90 अंशांनी फिरवले की फोटॉन कोणत्या वाटेने गेला हे तत्त्वतः कळू शकते, आणि तो चढउतार थांबतो. शेवटी, दोन्ही वाटा एकत्र आल्यावर, 45 अंशांवर पोलरायझर (एकाच दिशेचे कंपन पुढे जाऊ देणारी गाळणी) धरला की ती माहिती पुसली जाते आणि चढउतार परत येतो. मिलिंद, हे आपण दोघांनी पुस्तकातल्या समीकरणांत वाचले. तिथे विशीतली मुले ते स्वतःच्या हाताने पाहतात.

आपली प्रॅक्टिकल आठव. सोडियमच्या दिव्यासमोर न्यूटनची वलये मोजताना त्या प्रकाशाच्या तरंगलांबीचे 5893 अँगस्ट्रॉम हे उत्तर सगळ्यांना आधीच पाठ असे, आणि जर्नलमध्ये कित्येकदा रीडिंग त्या उत्तरावरून मागे जात लिहिले जाई. मीही ते केले आहे, आणि आज शिक्षक म्हणून त्याची मला मनापासून खंत वाटते, कारण त्या वयात आमच्यापुढे एकही असा प्रश्न आला नाही ज्याचे उत्तर सरांनाही ठाऊक नव्हते. आपल्याकडे परिस्थिती अगदीच कोरी नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 2004 पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा राष्ट्रीय उपक्रम चालवला. पण तिथवर पोहोचणारी मुले मोजकीच. बाकीच्यांसाठी काही करायचे तर ते आपापल्या महाविद्यालयातच उभे करावे लागेल.

म्हणून जूनपासून टी.वाय.च्या दोन मुलींबरोबर दर शनिवारी मायकेलसनचा इंटरफेरोमीटर लावतो. त्यात दिसणारे उजेड-अंधाराचे पट्टे आरशाला हात न लावताही सरकतात. एकीचे म्हणणे असे की छताचे पत्रे तापल्यामुळे ते होत असावे. दुसरीला शेजारच्या रस्त्यावरील वाहतुकीचा संशय आहे. दोघी दर दहा मिनिटांनी तापमान आणि पट्ट्यांची सरक वहीत नोंदवतात. कोण बरोबर, हे मलाही अजून ठाऊक नाही. दिवाळीला येशील तेव्हा शनिवार धरून ये आणि दुपारी दोनच्या आत पोहोच. त्या सुमारास पट्टे सर्वांत वेगाने सरकतात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश