खुर्चीतून उठताना

प्रिय आई-बाबा,

परवा व्हिडिओ कॉल चालू असताना बेल वाजली आणि बाबा दार उघडायला उठले ना, तेव्हा दोन्ही हात टेकवून अर्धवट उठले, परत बसले, आणि मग दुसऱ्या झटक्यात उठले. तुमच्या लक्षातही आलं नसेल, पण माझ्या डोक्यातून ते जाईना म्हणून लिहितेय, फोनवर आई लगेच विषय बदलते.

बाबा म्हणणार, मी रोज अर्धा तास चालतो की! चालता, मान्य, आणि ते बीपी, शुगर, झोप सगळ्यालाच चांगलं आहे, बंद करू नका. पण सपाट रस्त्यावर चालून पायांची ताकद फारशी वाढत नाही, आणि उठणं, जिना चढणं, ठेच लागली तर सावरणं हे सगळं त्याच ताकदीवर. डब्ल्यूएचओच्या 2020 च्या गाइडलाइन्समध्ये 65 च्या पुढच्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगितलाय हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्यात निदान 2 दिवस ताकदीचा आणि 3 दिवस तोल सांभाळायचाही व्यायाम सांगितलाय, ते कोणी वाचतच नाही.

आणि "आता या वयात काय होणार" हे तर बोलूच नका. 1990 मध्ये बोस्टनला नर्सिंग होममधल्या नव्वदीच्या आसपासच्या 10 जणांना पायांनी वजन उचलायचा व्यायाम दिला होता, 8 आठवडे, आणि ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. तुम्ही तर अजून सत्तरीत आहात. उलट नुसतं पडून राहिलं तर? दुसऱ्या एका प्रयोगात धडधाकट वयस्कर माणसांना 10 दिवस झोपवून ठेवलं, तर पायांचं जवळजवळ किलोभर मांस गेलं होतं. आई, तू तापात आठवडाभर झोपून होतीस आणि नंतर कितीतरी दिवस तुला जिना नको वाटायचा, आठवतंय? आपल्याला वाटलं अशक्तपणा आहे, टॉनिक आणलं.

घरकाम हाच व्यायाम हेही तुझं अर्धंच खरं. हालचाल होते, पण रोज तेवढंच काम असेल तर स्नायू वाढायला कारणच उरत नाही.

तर खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीशी, आणि 8-10 वेळा उठा-बसा. जमलं नाही तर खाली उशी घ्या. बसताना धपकन नाही, सावकाश, खरी मेहनत तिथेच आहे. मग ओट्याला धरून एका पायावर थोडा वेळ उभं राहायचं. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, आणि बाबा, तुमच्या गुडघ्यांचं आधीच विचारून घ्या.

रविवारी कॉलवर मीही करणार तुमच्याबरोबर. काल करून बघितलं, पंधरालाच मांड्या भरून आल्या, त्यामुळे हसू नका. आई, मोजायचं काम तुझं, बाबा आकडा वाढवून सांगतात.

तुमचीच,
लेक